यकृताचा सिरोसिस : घरच्यांनी काय पाहावे, काय टाळावे

‘त्याच्या पोटात पाणी झाले’ असे कुणाबद्दल कानावर आले, की आपल्याकडे ऐकणारा नुसती मान हलवतो आणि पुढे पावसापाण्याचे बोलू लागतो. त्या मान हलवण्यात दोन गोष्टी गृहीत असतात. एक, हा माणूस दारू पिणारा असणार. दुसरी, आता याचे काही खरे नाही. बोरी अरबला दवाखाना टाकून मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला. या काळात या दोन समजुतींनी केलेले नुकसान मी इतक्यांदा पाहिले आहे की आज औषधांच्या आधी त्यांच्याविषयीच लिहावे लागत आहे.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातून एक काकू आल्या. वय चोपन्न-पंचावन्न, मधुमेह बारा वर्षांपासून, वजन ऐंशीच्या पुढे. पायांवर सूज आणि पोट फुगलेले. सोनोग्राफी करून घेतली तर यकृत आकसलेले, खडबडीत आणि पोटात पाणी. अहवालात ‘सिरोसिस’ असा शब्द होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा एकटाच आला, दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाला, “साहेब, कागदावर दुसरं काही लिहून देता येत नाही का? लोक म्हणतील, बाई दारू पेत होती.” ज्या माउलीने जन्मात चहापलीकडे काही घेतले नाही, तिच्या आजाराचा कागद घरच्यांनी ट्रंकेत ठेवला. मी बोलावूनही दोन महिने कुणी फिरकले नाही. मग एका पहाटे त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली आणि चक्कर येऊन त्या पडल्या. यवतमाळला नेले, तेथून नागपूरला, आणि त्या वाचल्या. पण ते दोन महिने फुकट गेले नसते, तर ती पहाट कदाचित टळली असती.

यकृत म्हणजे खाटकाकडे जिला आपण कलेजी म्हणतो तोच अवयव. माणसात तो उजव्या बरगड्यांखाली असतो, वजन सव्वा ते दीड किलो. अन्नातून आलेली साखर साठवणे, रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करणे, रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन बनवणे, आतड्यांतून आलेली विषारी द्रव्ये निकामी करणे, अशी अनेक कामे तो बिनबोभाट करतो. निरोगी कलेजी मऊ आणि गुळगुळीत असते. तिला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की भाजलेल्या कातडीवर व्रण राहतो तसे आत व्रण तयार होतात आणि मधल्या भागात गाठी येतात. यकृत निबर होते. फ्रान्समधील लेनेक या डॉक्टरांनी १८१९ साली या आजाराला सिरोसिस हे नाव दिले. पिवळसर तपकिरी रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले. रुग्णाच्या छातीला लावतो तो स्टेथोस्कोपही याच लेनेक यांचा.

आता दारूविषयी. आपल्या जिल्ह्यात देशी काय आणि मोहाची काय, दारूने सिरोसिस झालेले रुग्ण भरपूर आहेत, हे कोण नाकारील? पण हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होणारी दीर्घ मुदतीची कावीळ हेही मोठे कारण आहे. गेल्या वीस वर्षांत मधुमेह, लठ्ठपणा आणि त्यातून यकृतात साचणारी चरबी हे कारण झपाट्याने वाढले. काकूंना तेच होते. शिवाय काही आनुवंशिक आजार, शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच यकृतावर उलटणे, अशीही कारणे आहेत. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वांना पटेल. १९८२ साली ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात ते जखमी झाले. मुंबईत उपचार चालू असताना त्यांना सुमारे दोनशे रक्तदात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून हिपॅटायटिस बी शरीरात शिरला. हे त्यांना कळले ते साधारण अठरा वर्षांनंतर, नेहमीच्या तपासणीत, तेव्हा पाऊण यकृत निकामी झाले होते. हे सारे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. त्यानंतरही ते इतकी वर्षे काम करीत आहेत. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही समजुती एकाच माणसाने खोट्या ठरवल्या.

अठरा वर्षे पत्ता लागला नाही, यात नवल नाही. यकृत फार सोशिक. अर्ध्याहून अधिक खराब होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. या पहिल्या अवस्थेत थोडा थकवा, भूक कमी, एवढेच. या अवस्थेतील रुग्ण नीट काळजी घेतल्यास दहा-बारा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात. दुसरी अवस्था सुरू होते ती पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम किंवा कावीळ यांपैकी एखादी गोष्ट झाली की. मग आयुष्याचा हिशेब वर्षांऐवजी महिन्यांत होऊ लागतो. मात्र ही एकेरी वाट नाही. मूळ कारण थांबवले तर दुसऱ्या अवस्थेतून पहिलीत परत आलेले रुग्ण माझ्या दवाखान्यात येतात. पूर्वी आम्ही ‘गेलेले यकृत परत येत नाही’ असे ठासून सांगत असू. आज तेवढे ठासून सांगता येत नाही.

कारण थांबवणे म्हणजे काय? हिपॅटायटिस सी आज बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी सहसा मुळासकट जात नाही, पण रोजच्या एका गोळीने दाबून ठेवता येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी रुग्णालयांतून या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, तरी माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना ते ठाऊक नसते. घरातील एकाला बी निघाला तर इतर सर्वांनी रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी. बाळाला या लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळायला हवा. चरबीचे यकृत असेल तर साखर ताब्यात ठेवणे आणि वजन बेताने उतरवणे, हाच उपचार.

आणि दारू असेल तर दारू बंद. कमी नव्हे, बंद. सिरोसिस झालेल्याला ‘थोडी’ असे माप नसते. यात दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकाएकी घरच्या घरी सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होतात, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. दुसरी सूचना बायाबापड्यांसाठी. ‘पिणाऱ्याला न कळता भाजीत कालवा’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या कृपा करून आणू नका. त्यात काय असते ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिरामसारखे औषध असले तर दारूबरोबर रक्तदाब एकदम कोसळतो, आणि सिरोसिसच्या रुग्णात ते औषध यकृतालाही घातक ठरते.

आता पोटातले पाणी, म्हणजे जलोदर. निबर यकृतातून रक्त सरकत नाही, मागे दाब वाढतो. त्यातच अल्ब्युमिन कमी पडते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि मिठाबरोबर पाणी. म्हणून पथ्य पाण्याचे नसून मिठाचे आहे. लोक नेमके उलटे करतात, म्हाताऱ्याला तहानेने व्याकूळ करतात आणि ताटात लोणचे वाढतात. रक्तातील सोडियम फारच उतरले असेल तरच डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात. मीठ मात्र दिवसाला सर्व मिळून सपाट एक चमचा, साधारण पाच ग्रॅम. त्यात स्वयंपाकातलेही आले. ठेचा, लोणचे, पापड, कुरडया, सांडगे, शेव-चिवडा, बेकरीतली खारी हे बंद. सैंधव चालते का, असे हमखास विचारतात. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि आम्ही देतो ती पाण्याची मुख्य गोळी शरीरात पोटॅशियम साठवते. दोन्ही एकत्र आल्यास हृदयाला धोका. तेव्हा तेही नको. गॅससाठी पाण्यात फसफसणारी पावडर घेतात, त्यातही सोडा म्हणजे सोडियमच असते. एक जण मीठ अगदी कडक पाळत असूनही पोट उतरेना, तेव्हा चौकशीत दिवसाला चार पुड्या निघाल्या.

पाण्याच्या गोळ्यांनी लघवी वाढते आणि पोट उतरते. पण घाई नको. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलो, यापेक्षा वेगाने वजन उतरले की मूत्रपिंडांवर ताण येतो. घरी वजनकाटा हवा. रोज सकाळी शौचानंतर, चहापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करावे. पोटाच्या घेरापेक्षा काटा खरे बोलतो. यातील एका गोळीने काही पुरुषांच्या छातीला गाठ येऊन दुखते. लाजेपोटी ते सांगत नाहीत आणि गोळी आपल्या मनाने बंद करतात. सांगितले तर गोळी बदलून देता येते.

‘पाणी काढले की माणूस दगावतो’ ही भीती खेड्यापाड्यांत पक्की आहे. ती उगाच आलेली नाही. पूर्वी शेवटच्या घटकेला पाणी काढले जाई आणि एका दमात बादलीभर काढून रुग्णाला घरी धाडले जाई. आज पाच लिटरहून अधिक पाणी काढले तर शिरेतून अल्ब्युमिन देतात. ते महाग आहे, पण त्यानेच रक्तदाब टिकतो. पाणी काढण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे तपासणी. या पाण्यात आपोआप जंतुसंसर्ग होतो. ताप असेलच असे नाही. नुसते पोट दुखते किंवा माणूस सुस्तावतो. पाण्यातील पांढऱ्या पेशी मोजल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून जलोदराचा रुग्ण अचानक बिघडला तर ‘अशक्तपणाची सलाईन’ लावत घरी बसू नये. पाणी तपासायला न्यावे.

रक्ताच्या उलटीचे कारणही तोच मागे तुंबलेला दाब. कालव्याचे दार बंद झाले की पाणी पाटाबाहेर वाट काढते, तसे रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या बारीक शिरांतून वाट काढते. त्या फुगतात आणि एखादे दिवशी फुटतात. काळी, चिकट, घाण वास असलेली शौच म्हणजेही रक्तस्रावच, हे लक्षात ठेवा. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ती चिकट नसते आणि चक्करही येत नाही. अशा वेळी एकच काम. १०८ ला फोन करा किंवा हाती लागेल ती गाडी काढा आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचा. तोंडाने काही देऊ नका, रुग्णाला कुशीवर झोपवा. तेथे शिरा आकसण्याचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक चालू करून पहिल्या बारा तासांत दुर्बिणीने त्या शिरांना रबरी कडी बसवतात. नातेवाईक ‘अजून रक्त चढवा’ म्हणून धोशा लावतात. गरजेपेक्षा जास्त रक्त चढवले तर दाब वाढून पुन्हा फुटण्याचा धोका असतो. डॉक्टर हात आखडता घेतात ते यासाठी. खरे तर सिरोसिस कळला की लगेच एकदा दुर्बिणीची तपासणी करण्याचा सल्ला आम्ही देतो. शिरा फुगलेल्या दिसल्या तर प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांसारख्या गोळ्यांनी किंवा आधीच कडी बसवून पहिला रक्तस्राव बराचसा टाळता येतो. काकूंच्या ट्रंकेतल्या कागदाने ती संधी घालवली होती. दुर्बिणीने कडी बसवण्याची सोय कोठे आहे आणि रात्री असते का, याची चौकशी आजार शांत असतानाच करून ठेवावी.

यापेक्षाही घरच्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे भ्रम. आमच्या भागातील एक शेतकरी भाऊ, पन्नाशीचे. दारू सोडून वर्ष झाले होते, जलोदरही गोळ्यांवर आटोक्यात होता. एके दिवशी त्यांची पत्नी एकटीच आली. “डॉक्टरसाहेब, रातभर घरात फिरतेत अन् दिवसभर झोपून रायतेत. काल तं मलेच इचारलं, तू कोन म्हणून.” चौकशी केली तेव्हा कळले की हे आठवडाभर चालू होते. आधी सर्वांना वाटले, पुन्हा प्यायले. मग तीन दिवस अंगारे-धुपारे झाले. मग कुणीतरी शहाण्याने झोपेची गोळी आणून दिली. ती दिल्यावर ते उठेनातच. बैलगाडीतून आणले तेव्हा चिमटा काढला तरच डोळे उघडत.

होते ते असे. आतड्यांत अन्न पचताना अमोनिया तयार होतो. चांगले यकृत त्याचा बंदोबस्त करते. निबर यकृताला ते जमत नाही, आणि बाजूच्या वाटांनी गेलेले रक्त तर यकृताला टाळूनच मेंदूकडे जाते. मेंदूवर गुंगी चढते. सुरुवात झोपेच्या उलटापालटीने होते. चिडचिड, विसरभोळेपणा, बोलणे जड, अक्षर बिघडणे, तोंडाला विशिष्ट गोडसर कुबट वास. हात पुढे करून वाहतूक पोलिसासारखे पंजे उभे धरायला सांगितले तर ते फडफडतात. याला जवळजवळ नेहमीच एखादे तात्कालिक कारण असते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, पाण्याच्या गोळ्या जास्त होणे, उलट्या-जुलाब आणि झोपेची गोळी. कारण शोधून काढले की बहुतेक माणसे शुद्धीवर येतात. भाऊंना चार दिवस शौच झाली नव्हती, त्यावर ती गोळी पडली. रुग्णालयात एनिमा, औषधे आणि दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला विचारले, सोयाबीन विकले का.

यावर रोजचे औषध म्हणजे लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध. त्याने अमोनिया आतड्यातच अडकून बाहेर पडतो. मात्रा बाटलीवर पाहून ठरत नाही. दिवसाला दोन ते तीन मऊ शौचा होतील एवढे घ्यायचे. एकही झाली नाही तर वाढवायचे, पाच-सहा होऊ लागल्या तर कमी करायचे. ‘जुलाब होतात’ म्हणून घरचे ते बंद करतात आणि आठवड्यात रुग्ण परत येतो. ज्यांना वारंवार भ्रम होतो त्यांना रिफॅक्सिमिन ही गोळीही देतात. असा झटका येऊन गेलेल्याने डॉक्टर परवानगी देईपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीवर एकट्याने जाऊ नये.

येथे मला माझी एक चूक सांगावयाची आहे. आम्ही शिकत असताना भ्रम झालेल्या रुग्णाचे वरण, दूध, अंडी बंद करावीत, असे पुस्तकात होते. प्रथिनांतूनच अमोनिया होतो, तेव्हा प्रथिनेच नकोत, असा तो हिशेब. दवाखाना सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांत एका रुग्णाला मी वर्षभर वरणाशिवाय ठेवले. भात, साखर, फळांचा रस. त्याची बायको प्रामाणिक, तिने एक दिवस पथ्य मोडले नाही. त्याचे पोट मोठे आणि हातपाय काड्यांसारखे झाले. भ्रम काही थांबला नाही आणि दुसऱ्या वर्षी साध्या न्यूमोनियाने तो गेला. केवळ वरण बंद केल्याने गेला, असे मी म्हणणार नाही. पण त्याची ताकद त्याच्याच स्नायूंतून काढून घेण्यात माझा हात होता. यकृत निकामी झाल्यावर अमोनिया जिरवण्याचे काम स्नायू करतात, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रमाच्या रुग्णांना नेहमीएवढी प्रथिने देऊन पाहिली, काहीही बिघडले नाही. आज सल्ला उलटा आहे. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम. तुरीचे वरण, मूग, हरभरा, दही, दूध, अंडी चालत असतील तर अंडी. मीठ कमी करून हे सर्व खावे. आजही अनेक घरांत, आणि खेदाने सांगतो काही दवाखान्यांतही, ‘वरण बंद’ चालूच आहे.

उपाशीही राहू नये. निबर यकृतात साखरेचा साठा राहत नाही. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत पोट रिकामे राहिले की शरीर स्नायू तोडून साखर बनवते. म्हणून झोपताना दूध-पोळी किंवा दूध-भाकरीचा एक काला आणि सकाळी उठल्याबरोबर काहीतरी. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांतून या रुग्णांनी स्वतःला मोकळे समजावे.

औषधांच्या बाबतीत लोकांचे भय चुकीच्या जागी आहे. पॅरासिटामॉलला सगळे घाबरतात. वास्तविक दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्यांपर्यंत, डॉक्टरांना विचारून घेतल्यास दुखण्यासाठी तेच सर्वांत सुरक्षित. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, ॲसेक्लोफिनॅक या कंबरदुखीच्या गोळ्या मात्र किराणा दुकानातही मिळतात आणि त्यांची भीती कुणालाच नाही. या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तोडतात, जठरात रक्तस्राव करतात, पाण्याच्या गोळ्या निकामी करतात. जेन्टामायसिनचे इंजेक्शनही असेच. जडीबुटीच्या बाबतीत ‘निसर्गाचे आहे, अपाय नाही’ हे वाक्य विसरावे. कोरोनाच्या काळात काढे घेऊन यकृत बिघडलेले काही रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आणि त्यांनी गुळवेलीवर बोट ठेवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद विद्वानांनी मिटवावा. ज्याचे यकृत आधीच पाव उरले आहे, त्याने त्या वादात आपला पाव भाग पणाला लावू नये. कावीळ उतरवण्यासाठी नाकात रस पिळणे, मनगटावर डागणे यांतही दिवस जातात, आणि येथे दिवसच महत्त्वाचे.

यकृतापाठोपाठ मूत्रपिंडे बसली, की गोष्ट हाताबाहेर जाऊ लागते. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे आजारपण वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांना मुंबईहून चेन्नईला हलवले, तेव्हा यकृत आणि मूत्रपिंडे दोन्ही निकामी झाली होती. प्रत्यारोपणासाठी अवयव वेळेत मिळू शकला नाही आणि १४ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते केंद्रात मंत्री होते. प्रत्यारोपणाचा विचार शेवटच्या आठवड्यात करून चालत नाही. जलोदर, रक्तस्राव किंवा भ्रम यांपैकी काहीही पहिल्यांदा झाले, की तेव्हाच यकृततज्ज्ञांना एकदा दाखवून ‘प्रत्यारोपण लागेल का, कधी’ हे विचारावे. १९९४ च्या कायद्याने दोन वाटा आहेत. मेंदू मृत झालेल्या दात्याचे यकृत, किंवा जवळच्या नातलगाच्या यकृताचा भाग. दात्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांत पुष्कळसे वाढते. विदर्भासाठी अवयवांची यादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात राहते. खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे मी लपवत नाही. खासगी रुग्णालयात वीस लाखांच्या आसपास आणि वर आयुष्यभराच्या गोळ्या. जन आरोग्य योजनेतून काय मिळते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करावा. आणि खरे सांगायचे तर माझ्या बहुतेक रुग्णांना ती वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेले मीठ, वरण, शौच आणि काटा हेच प्रत्यारोपण लांबवणारे, कधी टाळणारे उपचार.

सिरोसिसमध्ये यकृताचा कर्करोग होण्याचा धोका कायम असतो, म्हणून बरे वाटत असले तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. लहान गाठ सापडली तर उपचार आहेत. मोठी सापडली तर फारसे नाहीत.

भाऊंच्या पत्नीला मी त्या प्रसंगानंतर शाळेची शंभर पानी वही घ्यायला सांगितली. रोज एक ओळ. सकाळचे वजन, आदल्या दिवशी किती वेळा शौच झाली आणि शेवटी भाऊंची सही. भाऊ सातवी शिकलेले, सही मोठी झोकदार, खाली दोन टिंबे. या गोष्टीला आता सहा वर्षे झाली, पाचवी वही चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या वही घेऊन ठरलेल्या दिवसाच्या आधीच आल्या आणि एका पानावर बोट ठेवले. सही ओळीच्या खाली घसरली होती आणि टिंबे नव्हती. शौचाच्या रकान्यात दोन दिवस शून्य. पुतण्याच्या लग्नाला पुसदला गेले होते आणि औषधाची बाटली घरीच राहिली होती. भाऊ बाहेर बाकावर बसले होते, मला नीट ओळखत होते, फक्त वार चुकीचा सांगत होते. औषधाची मात्रा वाढवून दिली, संध्याकाळपर्यंत दोनदा शौच झाली. दुसऱ्या दिवशीच्या ओळीत एक टिंब परत आले होते, तिसऱ्या दिवशी दुसरे.